सोनकुसरे बाईंचा शनिवार

आमच्या शाळेत "इथं असंच करतात" हे वाक्य बोलायची चोरी होती. कुणाच्या तोंडून ते गेलं आणि सोनकुसरे बाई जवळपास असल्या, की लगेच त्यांचा प्रश्न यायचा, "काहून?" उत्तर दिलं की त्यावर पुन्हा "काहून?" आवाज चढलेला नसे. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारख्या त्या विचारत, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. रागावलेल्या साहेबाला तोंड देता येतं. ऐकायला थांबलेल्या साहेबापुढे माणसाची पंचाईत होते. पाठीमागे सगळे त्यांना काहूनबाई म्हणत. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा स्वयंपाकघरात कुणी तरी "काहूनबाई आल्या जी" असं कुजबुजलं, तर त्या दारातूनच म्हणाल्या, "आली. वरण पातळ काहून?"

शाळा भंडाऱ्याहून शहापूरकडे जाताना हायवे सोडून आत, धानाच्या बांध्यांना लागून होती. मतिमंद आणि अपंग मुलांची, निवासी. सत्तरच्या दशकात आमच्या भागात असली शाळा लोकांना ना शाळा वाटे ना दवाखाना. एका संस्थेनं ती काढली होती आणि मी तिथं भांडार बघत होते. तांदूळ, साबण, रॉकेल, चादरी, मुलांचे कपडे. काय उरलं, काय संपत आलं, काय मागवायचं, एवढं माझं काम. मुलांशी माझा संबंध कपड्यांच्या मापापुरता. निदान बाई अधीक्षिका म्हणून येईपर्यंत तरी तसाच होता.

बाई पवनीच्या, कोष्टी घरातल्या. वडिलांचे आणि भावाचे माग होते. नवरा लवकर गेला एवढंच आम्हाला कळलं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. आधी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, मग मुंबईला जाऊन अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेऊन आल्या. येताना पुस्तकांनी भरलेली ट्रंक आणली होती, पण पुस्तकातलं वाक्य आम्हाला कधी ऐकवलं नाही. म्हणायच्या, "पुस्तकातली पोरं डबलरोटी खातात. आपली पेज पितात. बघूनच शिकावं लागेल."

उंच, हाडकुळ्या, भावाच्या मागावरची जाड काठाची सुती साडी. चाल इतकी जलद की बरोबर जाणाऱ्याला बोलताना धाप लागायची. वर्गात शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि थेट जमिनीवर बसायच्या, म्हणजे मुलांच्या डोळ्यांइतक्या उंचीवर. माणसांची नावं विसरायच्या. मला पहिले कित्येक दिवस "साबणवाल्या बाई" म्हणत होत्या. पण कोणत्या मुलाची लाळ कोणत्या बाजूनं गळते, कोण डाव्या हातानं वाटी ढकलतो, कोणाला पंख्याच्या आवाजाची भीती वाटते, यात त्यांची कधी चूक झाली नाही. "छान" हा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. कुणी एखादं काम चांगलं केलं की म्हणायच्या, "हे दुसऱ्याला दाखवा." बस. आमच्यात जो तो "दाखवा" ऐकायला टपलेला असे.

त्या आल्या त्याच महिन्यात शनिवार सुरू झाला. दुपारी मुलं झोपली की व्हरांड्यात सतरंजी घालायची आणि ज्यांना मुलांजवळ थांबायचं नसेल त्या सगळ्यांनी बसायचं. आया, शिक्षक, स्वयंपाकी, शिपाई, मी. खुर्ची कुणालाच नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्याकडून टॉवेल मागवून घेतले. मला वाटलं मोजायचे असतील. त्यांनी ते आमचे हात मागे बांधायला वापरले.

"आता एकमेकांना भात भरवा. ज्याचे हात मोकळे तो भरवील. रोज पोरांना भरवता तसंच. घाई असते तसंच."

ठवकर सर नुकतेच बी.एड. करून आलेले, इस्त्रीच्या पँटचे. त्यांच्या वाट्याला भागरताबाई आली. भागरताबाई आमची सगळ्यात जुनी आया, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. तिनं रोजच्या सवयीनं सरांची मान मागे कलवली, चमचा भरला आणि पहिला घास उतरायच्या आत दुसरा घातला. सरांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. भाताची शितं शर्टावर. हात बांधलेले, पुसताही येईना.

भागरताबाई घाबरली, मग हसू आवरेना. "बाई मा! म्हून पोट्टे थुकतेत व्हय! मले वाटे मस्तीच करतेत."

सगळे हसले. सरसुद्धा, थोडे उशिरा. बाई हसल्या नाहीत. सरांचे हात सोडत त्यांनी विचारलं, "मान मागे गेल्यावर काय झालं ते सांगा." सर सांगू लागले, आणि आम्ही ऐकत राहिलो. त्या दिवशी बाईंनी स्वतः काहीही शिकवलं नाही. सोमवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी मी बघितलं, सगळ्या आया मुलांच्या समोर नाही तर बाजूला बसल्या होत्या आणि घास भरवून थांबत होत्या.

पण शनिवार म्हणजे हे खेळ नव्हेत. ते सुरुवातीचे. शनिवारचं खरं काम दुसरंच होतं, आणि ते बाईंनी घरच्या मागावरून आणलं होतं.

त्यांच्या घरी ताण्यातला धागा तुटला की ज्याला दिसेल त्यानं मोठ्यानं "तार तुटली" म्हणायचं. विणणारा असो, कांड्या भरणारी सून असो, की नुसता पाणी प्यायला आलेला पाहुणा. लगेच धोटा थांबे आणि गाठ मारली जाई. कुणी तोडली हे विचारायचं नाही, असा वडिलांचा नियम होता. विचारलं की पुढच्या वेळी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात, आणि दोष हातभर, दोन हात कापडात उतरत जातो. हे सगळं बाईंनी आम्हाला एका शनिवारी सांगितलं आणि म्हणाल्या, "पहिली माझीच."

मग त्यांनी सांगितलं. राजू नावाचा एक मुलगा घंटा झाली तरी मैदानावरून येत नसे. बाईंनी त्याला हट्टी ठरवलं. चार दिवस त्याला खेळायला पाठवलं नाही. पाचव्या दिवशी त्याच्या पाठीमागे ताट पडलं, सगळी मुलं दचकली आणि राजू तसाच बसून राहिला. त्याला ऐकू येत नव्हतं. आईबापांना माहीत नव्हतं, आम्हालाही नाही.

"मुंबईला मी हेच शिकून आली. आणि तरी मले ते दिसलं नाही," बाई म्हणाल्या. मनातलं बोलताना त्यांची भाषा पवनीची होऊन जायची. "माझी तार तुटली. आता पुढे काय करायचं ते सांगा."

बाहेर पडताना ठवकर सर मला म्हणाले, "अधीक्षिकाच असं सांगायला लागल्या तर उद्या शिपाई डोक्यावर बसतील." मलाही तसंच वाटलं होतं.

त्यानंतर बरेच शनिवार एकट्या बाईच आपल्या चुका सांगत होत्या. आम्ही खाली बघत बसायचो. मग एकदा भागरताबाईनं तोंड उघडलं. तिनं सतरंजीच्या दशा ओढत ओढत सांगितलं, की सकाळी मुलांना आंघोळ घालताना ती एका मुलीला जुन्या लुगड्याच्या पदरानं खाटेला बांधून ठेवते. रोज.

आता हिची नोकरी गेली, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काहून?" बाईंनी विचारलं.

"थे पयते जी. हिरीकडे पयते. इकडे पोट्टे साबणाचे, वले. सोडून धावू का? दोन हात हायेत मले, बाई. मी बांधलो तिले. रोज बांधतो अन् रोज वाईट वाटते."

बाई म्हणाल्या, "सोमवारपासून सकाळच्या आंघोळीला शिक्षकही येतील."

"मी बी.एड. केलं ते पोरं धुवायला नाही," ठवकर सर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"ठीक आहे. मी धुते. तुम्ही उभं राहून बघा. बघायला बी.एड. चालते."

सोमवारी बाई पदर खोचून न्हाणीत बसल्या आणि सर दाराशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी साबण द्यायला गेले तर सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि एक मुलगा त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतत होता. ते त्याला शिव्या देत होते आणि हसत होते. ती मुलगी न्हाणीच्या दाराशी मोकळी बसून हे बघत होती. त्यानंतर तिला कधी बांधलं नाही.

तेव्हापासून शनिवार आमचा झाला. कुणी सांगे, मी पोराला चापट मारली. कुणी सांगे, औषधाची वेळ चुकली आणि मी दिलं म्हणून सांगितलं. स्वयंपाक्यानं दूध लागल्याचं लपवलं होतं तेसुद्धा सांगितलं. कुणाचीही नोकरी गेली नाही. प्रत्येक वेळी सतरंजीवरून उठताना एखादी गोष्ट बदललेली असे: भांड्याची जागा, कामाची वेळ, दोन माणसांच्या ठिकाणी तीन. माझ्या भांडारातली औषधाची फळी मी तेव्हाच खाली आणली आणि प्रत्येक मुलाची बाटली वेगळ्या रंगाच्या चिंधीनं बांधली, म्हणजे न वाचता येणाऱ्या आयाही चुकणार नाहीत. बाई म्हणाल्या, "हे दुसऱ्याला दाखवा." त्या दिवशी मी घरी जाऊन गोड केलं होतं.

सतरंजीवर आईबापांनाही जागा होती. मंगल शाळेत आली तेव्हा बाईंनी तिच्या आईला तीन दिवस ठेवून घेतलं. मंगल अड्याळकडची, आठेक वर्षांची. अंग ताठ, मान धरवत नसे, बोलता येत नसे, पण डोळ्यांनी सगळं बोलायची. भरवणं फार अवघड. शनिवारी तिच्या आईनं आम्हाला तिला भरवून दाखवलं. ती मुलीच्या मागे बसली, तिचं डोकं आपल्या छातीला टेकवलं, एका हाताचं बोट वाकवून हनुवटीखाली धरलं, आणि गिळल्याचं बोटाला कळेपर्यंत दुसरा घास नाही. मग प्रत्येकानं ते करून बघितलं. मंगलची आई आमचं बोट धरून नेमक्या जागी ठेवायची. "हतीच. कळते का? उतरला का घास? हां, आता द्या." सगळ्यांत लवकर ठवकर सरांना जमलं. मंगल त्यांच्याकडे बघून तोंडभर हसली. तिच्या आईनं जाताना सरांना हात जोडले, "मास्तर, तुमच्याजवड जेवते जी ते. आता मी घरी झोपू शकतो."

पुढे मंगल सरांचीच झाली. सर वर्गात आले की तिचे पाय हलायला लागत.

आमच्याकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कुणी कुणाला अडवू शकत नाही. बांधीत पाणी आलं की बाया रोवायला जाणारच. घरचं शेत असो की दुसऱ्याचं. त्या वर्षी पाऊस लांबला आणि मग सगळ्या गावांची रोवणी एकदम आली. भागरताबाई गेली, बाकीच्या आयाही गेल्या. बाईंनी रजा नाकारल्या नाहीत. "नाही म्हटलं तर सांगून जायच्या त्या न सांगता जातील," एवढंच म्हणाल्या. उरलेल्यांनी कामं वाटून घेतली. बाई स्वतः पोळ्या लाटत होत्या.

अशा एका दुपारी ठवकर सरांकडे भरवायची सगळी खोली होती. मंगल शेवटची. तिला थोडा ताप होता म्हणून ती खाटेवर पडून होती. बाजूच्या खोलीत दोन मुलांची मारामारी लागली होती. सरांनी तिला उठवून मांडीत घेतलं नाही. उशीवर मान जरा वर केली आणि पातळ पेज आहे, उतरेल, असं समजून चमच्यानं पाजली. तिला ठसका लागला. मग शांत झाली. सर मारामारी सोडवायला धावले.

संध्याकाळी तिचा श्वास घरघरू लागला. बाईंनी तिला हायवेवर थांबवलेल्या ट्रकमध्ये घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. आईबाप आले. तिसऱ्या दिवशी मंगल गेली. अन्न फुप्फुसात गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ती खोली, ती दुपार, कुणी बघितलं नव्हतं. ताप होताच. कुणी काही बोललं नसतं तरी चाललं असतं.

शनिवार आला. रोवणी संपवून बायाही परतल्या होत्या. मला वाटलं, आज सतरंजी घालणार नाहीत. बाईंनी स्वतः घातली. सगळे बसलो. ठवकर सर सगळ्यांत शेवटी आले, बसले, आणि म्हणाले, "माझी तार तुटली."

मग सगळं सांगितलं, आत्ता मी सांगितलं तसं, क्रमानं. उशी, चमचा, ठसका, मारामारी. एकही सबब सांगितली नाही. शेवटी म्हणाले, "मला येत होतं. सगळ्यांत आधी मलाच आलं होतं."

भागरताबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. "मी असायले पायजे होतो. मी धान रोवत होतो जी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या खूप हळू म्हणाल्या, "सर, उद्या आपण दोघं तिच्या घरी जाऊ. हे तिच्या आईला तुम्ही सांगा. मी बसते बाजूला." मग माझ्याकडे वळल्या, "तुम्हीही चला. कपडे द्यायचे आहेत तिचे."

मी मंगलचे कपडे धुऊन, घडी करून बांधले होते. घर लहान, सारवलेलं. मंगलचा बाप बाहेर बैलाजवळ उभा राहिला, आत आला नाही. आईनं पाणी दिलं. सर बोलू लागले. तिनं मध्येच त्यांना थांबवलं नाही. सांगून झाल्यावर सर मान खाली घालून बसले आणि ती आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिली. मग सरांकडे नाही, बाईंकडे बघून म्हणाली,

"माहा हातच देल्लो होतो, बाई, मी तुमाले."

आम्ही उठलो. मी कपड्यांचं गाठोडं खाटेवर ठेवलं. आम्ही अंगणाबाहेर पडलो तरी ती तशीच बसून होती.

गोष्ट संस्थेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमचे सचिव वकील होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. वाईट माणूस नव्हता. पण मूल दगावलं, उद्या वरून चौकशी आली तर कुणाला तरी काढलं असं दाखवायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. बैठक ठरली.

आदल्या दिवशी ठवकर सर हातपंपाजवळ बाईंना म्हणाले, "मी सकाळीच भाऊसाहेबांकडे जातो. माझं नाव सांगतो."

"जा," बाई म्हणाल्या. "अन् जाता जाता भागरताबाईले सांगून जा, पुढच्या वेळी गप्प राहत जा म्हणावं."

सर पंपाच्या ओट्यावर बसले. "मग मी काय करू?"

"पोरं जेवायची थांबली आहेत. भरवा."

दुसऱ्या दिवशी मी बैठकीत चहा ठेवत होते. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, इथं कोण काय चुकतो ते तुम्ही दर शनिवारी ऐकता म्हणे. म्हणजे तुम्हाला नाव माहीत आहे."

"माहीत आहे."

"सांगा मग."

"ज्यांचं लेकरू गेलं त्यांना सांगितलं. तुम्हाला काहून पाहिजे?"

"काहून म्हणजे? त्याला काढायला!"

"म्हणून सांगत नाही."

एक सभासद जरा समजुतीनं म्हणाले, "अहो बाई, उद्या लोक म्हणतील, चुका पोटात घालायची शाळा आहे."

"पोटात घालत नाही, साहेब. सतरंजीवर ठेवतो. पोटात घालायचं तुम्ही सांगून राहिले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मनुष्यबळ कमी असताना मी रजा दिल्या. तापातल्या मुलीला कोण भरवणार हे मी ठरवायला पाहिजे होतं, ठरवलं नाही. नाव पाहिजे ना? सोनकुसरे लिहा."

भाऊसाहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांना हे नाव नको होतं असं मला अजून वाटतं. पण त्यांना एक नाव हवं होतं, आणि दुसरं कुणी दिलं नाही.

बाईंना काढलं. त्या गेल्या तेव्हा त्यांची ट्रंक बैलबंडीत चढवायला सगळे आले. मुलांना काय समजलं कोण जाणे. राजू बंडीच्या चाकाला धरून उभा राहिला. त्याला सोडवायला बाईच खाली उतरल्या. आम्हाला त्या फक्त म्हणाल्या, "शनिवार सोडू नका." ट्रंकेवर बसून गेल्या, पाठ आमच्याकडे.

नवे अधीक्षक निवृत्त अधिकारी होते. शिस्तीचे, वक्तशीर, मुलांशी मायेनं वागणारे. त्यांनी पहिला हुकूम काढला की कुणाच्या हातून चूक झाल्यास त्यानं ती त्याच दिवशी सहीनिशी लेखी द्यावी. त्यानंतर आमच्या शाळेत एकही चूक झाली नाही.

पहिल्या शनिवारी ठवकर सरांनी सतरंजी घातली. भागरताबाई येऊन बसली, मी बसले, आणखी दोघंतिघं बसली. व्हरांड्याच्या टोकाशी अधीक्षक येऊन उभे राहिले आणि विचारलं, "हे काय चाललंय?" भागरताबाई चटकन उठली, म्हणाली, "सतरंजीले ऊन दाखवून राहिलो जी," आणि तिनं ती खरोखरच उचलून दोरीवर टाकली. सरांनी पुढच्या वर्षी शाळा सोडली. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात, थांबत नाहीत.

एकदा हिवाळ्यात सकाळी एका मुलाचा पाय गरम पाण्यानं भाजला. मोठे फोड. मलम माझ्याकडून गेलं म्हणून मला कळलं. न्हाणीत तेव्हा तिघं होती. अधीक्षकांनी तिघांना विचारलं. एकाला माहीत नव्हतं, दुसऱ्याला माहीत नव्हतं. तिसरी भागरताबाई. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाली, "मले का माहीत जी." त्याच आठवड्यात दुसरा मुलगा भाजला. त्याच कढत पाण्याच्या घंगाळानं.

हे बाईंना सांगायलाच हवं असं मी ठरवलं. का, ते नीट सांगता येणार नाही. त्यांनी येऊन काही केलं असतं असं नाही. त्यांना कोण येऊ देणार होतं? पण एक दिवसाची रजा टाकली आणि पवनीला गेले. एव्हाना ऐंशी साल उलटलं होतं. भाऊ मागावर होते. म्हणाले, "ताई आज नाई भेटायच्या. अड्याळचा बाजार ना आज."

"बाजारात काय असतं त्यांचं?"

भावानं धोटा हातात धरून ठेवला. "काई नसते. जाऊन बसतात. पयल्या वर्षी थे बाई ताईले बसू नाई दे. उभ्याच रायत, अन् परत येत. आता बसू देते."

कोणती बाई, हे मी विचारलं नाही.

अड्याळला उतरले तेव्हा बाजार भरात होता. धान्याची दुकानं, मिरच्यांचे ढीग, बांगड्यावाले ओलांडून मी भाजीच्या ओळीत गेले. टोकाशी, निंबाखाली, मंगलची आई बसली होती. पुढे पोत्यावर वांगी आणि वालाच्या शेंगा. केस पांढरे व्हायला लागलेले. आणि तिच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, त्याच पोत्याच्या कोपऱ्यावर सोनकुसरे बाई. जाड काठाची साडी. त्या खूप वाळल्या होत्या. मी बराच वेळ एका गुळाच्या दुकानाआड उभी राहिले, आणि तेवढ्या वेळात दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, एकमेकींकडे बघितलंही नाही.

मी सांगायला आणलेलं सगळं माझ्याजवळ होतं, क्रमानं. पहिला मुलगा, दुसरा मुलगा, घंगाळ, भागरताबाई काय म्हणाली ते.

एक गिऱ्हाईक वाकलं, त्यानं वांग्यांना बोट लावून बघितलं. मंगलच्या आईनं तराजू उचलला. बाईंनी न विचारता हाताजवळचं पावशेराचं वजन तिच्याकडे सरकवलं. तिनं ते घेतलं आणि पारड्यात टाकलं.

मी परतीच्या एस.टी.ला गेले.